सोवळं आणि आजार यांच्यातली रेघ शोधणाऱ्या मृदुलाताई

डॉ. मृदुलाताईंची आणि माझी पहिली भेट बेळगावात, टिळकवाडीतल्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला, समुपदेशनाची पदवी नुकतीच हातात आलेली आणि अंगात जरा जास्तच हुशारी. ताईंनी पदवीकडे पाहिलंच नाही. कन्नड बोलता येतं का, एवढं विचारलं आणि मग, समोरचा माणूस बोलता बोलता थांबला तर तुम्ही किती वेळ गप्प बसू शकता, असं विचारलं. मी लगेच उत्तर द्यायला लागलो तशा त्या हसल्या. नोकरी मिळाली, पण गप्प बसायला शिकायला मला बरीच वर्षं लागली आणि तोवर माझी थट्टा करायची एकही संधी त्यांनी सोडली नाही.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर जाणकार लिहितीलच, मी साध्या शब्दांत सांगतो. ओसीडी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो, त्यात नकोसा विचार मनातून हटत नाही आणि त्याला शांत करायला माणूस तीच ती कृती करत राहतो. काही घराण्यांत तो जास्त दिसतो, म्हणून त्याची मुळं जनुकांत शोधायचं काम जगभर चालू आहे. मात्र आजवर तपासलेले रक्ताचे, लाळेचे नमुने बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांचे. त्यातून निघालेलं उत्तर आपल्या माणसांना लागू पडेलच, याची हमी कोण देणार? ताई प्रत्येक बैठकीत हे विचारत राहिल्या, लोक कंटाळले तरी विचारत राहिल्या. शेवटी बेळगाव-निपाणी भागातल्या घराण्यांचे नमुने जमवायचं काम एका मोठ्या प्रकल्पाने त्यांच्याकडेच सोपवलं.

काम पहिल्याच पायरीला अडलं. छापील प्रश्नावलीत होतं, तुम्ही प्रमाणाबाहेर हात धुता का? सगळे म्हणायचे, छे, आमच्याकडे सोवळं कडक आहे एवढंच. ताईंनी तो प्रश्न खोडला आणि नवा घातला: सोवळं आटोपल्यावर मन निवतं का? या प्रश्नावर बायका रडायला लागल्या. पाळणाऱ्याचं सोवळं कधीतरी पुरं होतं, आजारी माणसाचं होत नाही, हे ताईंनी आम्हाला तिथे दाखवून दिलं. नमुन्यासाठी नळीत थुंकायचं, अशी सूचना वरून आली होती. स्वतःच्या उष्ट्या हाताला भिणाऱ्या बाईला हे मी सांगणार नाही, असं ताईंनी कळवून टाकलं आणि रक्त घ्यायची परवानगी मिळेपर्यंत काम थांबवून ठेवलं.

आता वडगावातल्या त्या दिवसाबद्दल. मागावर साड्या विणणारं मोठं घर. तिथल्या रेणुकावर ताईंचे उपचार चालू होते, ती दर मंगळवारी दवाखान्यात यायची. धुऊन धुऊन तिच्या हातांना चिरा पडल्या होत्या आणि घरचे कौतुकाने सांगत, आत्याचं सोवळं पोरीनं उचललं. आत्याला, वडिलांना आणि तिला, तिघांना हा आजार असणारं घर मिळणं संशोधनासाठी फार मोलाचं होतं. रेणुकाचं लग्न बोरगावात ठरलं होतं. सासरच्यांना आजाराची कल्पना नव्हती. मुलाला तूच सांग, तुझ्या वेळेने सांग, असं ताईंनी तिला म्हटलं होतं, पण तिला अजून ते जमलं नव्हतं.

वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सगळ्यांच्या वतीने होकार देऊन टाकला. घरातला मोठा हो म्हणाला की आमच्याकडे विषय संपतो. ताई मात्र प्रत्येकाला आतल्या खोलीत एकेकटं बसवून विचारणार म्हणून हटून बसल्या. आप्पांना तो अपमान वाटला. ते धुसफुसत असतानाच दारात गाडी थांबली आणि नवऱ्या मुलाचे मामा, न कळवता, लग्नपत्रिकेचं बोलायला आत आले.

सोप्यात नळ्या मांडलेल्या, पांढऱ्या कोटातली नर्स, बर्फाची पेटी. मामांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "काय चाललंय आप्पा? कोण आजारी हाय?"

आप्पा नळ्यांच्या आड येऊन उभे राहिले. माझ्या जिभेवर एक थाप तयार होती, साखरेची तपासणी आहे म्हणून. ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी गप्प राहिलो. मग त्या मामांना शांतपणे म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे. या घरातलं काय सांगायचं, ते या घरातली माणसं ठरवतील." नर्सला त्यांनी सामान आवरायला सांगितलं.

आतल्या दारात रेणुका उभी होती. पदरात गुंडाळलेले हात तिने बाहेर काढले. "ह्या माझ्यासाठी आल्यात, मामा. मला हात धुवायचा आजार हाय. औषध चालू हाय. आत्याचं सोवळं न्हवतं, तिलाबी ह्योच आजार हाय."

मामा चहा न घेता उठले. गाडी गेल्यावर आप्पा ताईंवर तुटून पडले, माझ्या लेकीचा संसार मोडलात म्हणाले. ताईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात रेणुकाने नर्ससमोर हात धरला, घ्या म्हणाली. प्रकल्पाची मुदत डोक्यावर होती. हे घर हातचं गेलं तर आमच्या भागाचा निधीतला वाटा कापला जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. ताई तिला म्हणाल्या, "आज तू रागात आहेस की ठाम आहेस, मला कळत नाही. आज नको." आम्ही रिकामी पेटी घेऊन परतलो. गाडीत मी चिडून काहीबाही बोललो.

ते लग्न मोडलं. रेणुकाने दवाखान्यात येणं बंद केलं. तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर, या भीतीने ताईंची झोप उडाली होती. माझ्यामार्फत त्या आप्पांकडे निरोप धाडत, औषध बंद करू देऊ नका, एवढाच. नमुन्याचं नाव नाही. मंगळवारची तिची वेळ त्यांनी दुसऱ्या कुणालाही दिली नाही. बाहेर पेशंट ताटकळले तरी त्या वेळी ताई आत एकट्या बसून राहत. वाटा कापल्याचं पत्र आलं तेही त्यांनी मुकाट्याने फाइलला लावलं.

पावसाळा सरून थंडी पडल्यावर एका मंगळवारी रेणुका आली. बरोबर आप्पा होते, मागाच्या खोलीचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारे आप्पा, आता स्वतःसाठी आलेले. रेणुकाने संमतीचा कागद स्वतः वाचला आणि विचारलं, ह्याचा मला काय उपयोग? ताईंनी खरं ते सांगितलं: तुला बहुधा काहीच नाही, पुढे जन्मणाऱ्यांना झाला तर होईल. तिने सही केली. रक्त देऊन झाल्यावर उत्तर कधी कळणार, असं तिने विचारलं. ताई म्हणाल्या, बरीच वर्षं लागतील, तोवर मी असेन की नाही कोण जाणे.

रेणुका हातावरचा कापूस दाबत म्हणाली, "असं कसं आक्का? माझं रक्त तुमी घेतलासा. उत्तरबी तुमीच सांगायला पायजे."

आम्हा सगळ्यांचं मागणं याहून वेगळं नाही. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. तुम्हाला आमच्यात राहायचंच आहे, वडगावात एक बाई उत्तराची वाट बघते आहे.