सातवर अडकलेला काटा

वामनराव गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मी संत्रं सोलत होतो. ते तसंच हातात राहिलं... आता महिना झाला. रडू कमी येतं, त्यांचा एक दिवस मात्र सारखा आठवतो आणि छाती फुगते.

छप्पन साली राज्यांची नव्यानं मांडणी होत होती. नागपूर एकीकडे, आम्ही सौंसरवाले दुसरीकडे, चहाच्या टपरीवर हाच विषय. मी सूत रंगवण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो, वामनराव यंत्रांचे मिस्त्री. टाकीतलं पाणी आंबट की खारं हे सांगणारं पीएचचं परदेशी यंत्र माझ्या ताब्यात होतं. टाकीत काचेची नळी, तिच्यापासून तार, भिंतीवर काटा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काटा सातवर अडकला आणि सगळं सूत डागाळलं. मालक म्हणाले, "नागपूर परक्या राज्यात जायच्या आत तिथला माणूस बोलावतो. चूक तुमची निघाली, तर उद्यापासून येऊ नका." माझं नुकतंच लग्न झालेलं.

"घाबरून काहून राहिले जी?" वामनराव म्हणाले. "कोण खोटं बोलून राहिलं ते पाहू. यंत्र का नळी?"

नळी लिंबाच्या रसात बुडवली, काटा सातवर. सोड्याच्या पाण्यात, तरी सातवर. मग तार सोडवून त्यांनी यंत्राला सेलमधून विजेचा अगदी बारीक दाब दिला, तर काटा टुणकन उडाला. यंत्र शाबूत होतं. शेवटी नळीच्या डोक्यावरचा जोड उघडला, तर आत ओलसर लाल... दसऱ्याच्या पूजेत मीच तिथं भक्तिभावानं पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं होतं. नळीतून येणारा विजेचा एवढासा दाब त्या ओलीतूनच पाझरून जात होता. वामनरावांनी जोड स्पिरिटनं पुसला, दिव्याखाली सुकवला. लिंबात काटा खाली आला, सोड्यात वर चढला. आम्ही दोघं पोरांसारखे हसत सुटलो.

मालकांकडे ते एकटेच गेले. परत येऊन एवढंच म्हणाले, "जा, कामाले लागा." नागपूरच्या माणसाला येऊ नका अशी तार गेली. मालकांचं मन मोठं, असं मी पुढं जन्मभर सांगत फिरलो.

परवा वामनरावांच्या खोलीत बसलो होतो. भिंतीवर त्यांचा हेड मिस्त्री झाल्याचा फोटो, गळ्यात हार. वहिनी त्याकडे बघून हसल्या. "यायनं मालकाले सांगतलं, कुंकू मीच लावलं जी. मालक म्हणे, असा खरं बोलणारा माणूस पाहिजे मले. अन् बढती देली."

त्या बढतीचे पेढे मीही खाल्ले होते. आणि जरा जळलोही होतो.