न सांगता टोचणारी टॉर्च

माझी नणंद बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. लॅबकडून घरोघरी जाऊन. सकाळी साडेपाचला ती बाहेर पडते आणि आठच्या आत दहा-अकरा घरं उरकते, कारण तपासणीसाठी माणसाला उपाशी ठेवलं की तो आधी लॅबवर चिडतो आणि मग समोर दिसेल त्याच्यावर. ताई मात्र कुणावर चिडत नाही. तो विभाग आमच्या घरात माझ्याकडे आहे.

ताईचं लग्न झालं नाही, ती आमच्याकडेच राहते. माझा नवरा तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी गाठली, चष्म्याच्या दुकानात मालकाच्या खालोखाल त्याचाच शब्द चालतो, तरी ती त्याला छोट्या म्हणते. हा छोट्या रक्त बघितलं की पांढराफटक पडतो. बहिणीनं डबा उघडला की तो खोलीबाहेर जातो, मग त्या डब्यात नुसता कापूस का असेना.

तर झालं असं. एका इमारतीच्या जिन्यात दिवा गेलेला होता. मागून कोणीतरी आलं, ताईला ढकललं आणि तिच्या खांद्यावरची सँपलची बॅग हिसकावून पळालं. ताई गुडघ्यावर आपटली. लंगडत खाली आली तर बॅग शेवटच्या पायरीवर ठेवलेली, चेनसुद्धा नीट लावलेली. आत रक्ताच्या सहा नळ्या आणि लघवीच्या दोन बाटल्या होत्या. चोराची सकाळ कशी गेली असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. ताईनं नळ्या मोजल्या, उरलेली चार घरं केली, लॅबमध्ये सँपल दिली आणि घरी येऊन चहा पिता पिता हे आम्हाला सांगितलं. तिथे ती चुकली. माझ्याजवळ एकटीजवळ बोलली असती तर निभावलं असतं.

नवऱ्यानं कप खाली ठेवला. "बस झालं. उद्यापासून घरी बस."

ताई म्हणाली, "माझे पेशंट आहेत."

"मग विजेचा झटका देणारी ती टॉर्च मिळते ना, ती आण. रविवारी मला चालवून दाखव. जमलं तर जा. नाही जमलं तर सोमवारी राजीनामा."

ताई हो म्हणाली. ती सगळ्यांनाच हो म्हणते, म्हणून शनिवारी मी तिच्याबरोबर बाजारात गेले.

कुलुपं, शिट्ट्या, दुर्बिणी असलं सगळं विकणारं एक दुकान आहे. दुकानदारानं तीन टॉर्च काढून काचेवर मांडल्या. एक लिपस्टिकएवढी, एक हाताच्या कोपरापर्यंत लांब आणि एक मुठीत मावणारी. तिन्हींच्या तोंडाशी दोन-दोन लोखंडी टोकं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

ताईनं आधी पिशवीतून हातमोजे काढून घातले. दुकानदार दोन पावलं मागे सरकला. "मला मोजे घालूनच वापरायची आहे," ताई शांतपणे म्हणाली. छोटी टॉर्च मोज्यातून सटकली. लांब टॉर्च बॅगेत मावेना. मग तिनं मुठीतली टॉर्च लावली आणि दुकानदाराच्या मनगटावर प्रकाश पाडला.

"उजेड चांगला आहे. दादा, तुमची शीर फार छान आहे हो."

दुकानदारानं हात खिशात घातला.

"उजेडाचं बटण कुठलं आणि झटक्याचं कुठलं?" ताईनं विचारलं. लहान टॉर्चमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी होती. तिनं ती लगेच बाजूला सारली. "पेशंटच्या घरी लाइट गेले आणि शीर शोधायला मी चुकून भलतंच बटण दाबलं तर म्हातारं माणूस पलंगावरून उडेल." मुठीतल्या टॉर्चला झटक्याची वेगळी कडी होती. ती सरकवली की तांबडा दिवा लागायचा, मग दाबायचं. मनगटात दोरी. कुणी टॉर्च हिसकावलीच, तर दोरीबरोबर खिळी निघून यायची आणि टॉर्च गप्प व्हायची. ताईला ते मनापासून आवडलं. मलाही आवडलं, नवऱ्याला अशी एखादी खिळी असती तर बरं झालं असतं.

एवढ्यावर थांबेल ती ताई कसली. "हे हृदयाचा त्रास असलेल्याला चालतं का?"

"कोणाला?"

"ज्याला लावायची त्याला. बीपी, फिट्स, काही असलं तर?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी कुलुपांकडे बघितलं. "ताई," तो म्हणाला, "चोर आहे तो. केसपेपर घेऊन येणार नाही."

त्यानं हवेत बटण दाबून दाखवलं. त्या दोन टोकांत निळी ठिणगी उडाली, तडतड असा आवाज झाला, आणि रस्त्यावरचं कुत्रं दुकानासमोरून उठून गेलं. आम्ही ती टॉर्च घेतली. घरी येईपर्यंत ताई ती माहितीची चिठ्ठी औषधाच्या चिठ्ठीसारखी वाचत होती.

रविवारी सकाळी आमच्याच इमारतीच्या जिन्यात परीक्षा. नवरा तोंडाला मफलर गुंडाळून चोर झाला. झटका द्यायचा नाही, नुसता आवाज काढायचा असं त्यानं सतरा वेळा बजावलं. मी वरच्या पायरीवर परीक्षक म्हणून बसले.

ताई बॅग घेऊन जिना चढू लागली. मागून चोर आला, बॅगेला हात घातला. ताई झटकन वळली. टॉर्च बाहेर, कडी सरकली, तांबडा दिवा लागला. मी म्हटलं, वा. आणि ताई तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "थोडंसं टोचेल हं. हात सैल सोडा."

चोरानं हात सैल सोडला. एवढंच नाही, दुसरा हात कठड्याला धरून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. दर सहा महिन्यांनी साखर तपासायला बहिणीपुढे बसायची सवय, ती कुठे जाणार? मी हसून हसून पायरीवर आडवी झाले. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं दार उघडून बघितलं आणि परत लावलं.

नवऱ्याचा पारा चढला. "चोराला सांगून टोचणार आहेस का तू?"

"तोंडातून आपोआप येतं रे. बावीस वर्षांत न सांगता कुणाला सुई लावलेली नाही."

"मग न बोलता कर."

ती पुन्हा चढली. पुन्हा बॅग ओढली गेली. या वेळी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. टॉर्च वर आली आणि तशीच राहिली. अंगठा बटणावर होता, पण दाबला जाईना. शब्द अडले तसा हातही अडला. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तिच्या कपाळावर घाम आला, तेव्हा माझं हसू थांबलं.

नवऱ्यानं मफलर काढला. "संपलं. उद्या राजीनामा दे. तुला काही झालं तर मी काय करू, सांग मला." त्याचा आवाज फाटला होता. आई गेल्यावर ताईनंच त्याला मोठं केलं आहे, हे मला माहीत आहे, म्हणून मी त्याला टाकून बोलले नाही.

ताई पायरीवर बसली. टॉर्चची कडी तिनं नीट मागे सरकवली. "छोट्या, रोज सकाळी अकरा माणसं उपाशीपोटी माझी वाट बघत असतात. दाराला डोळे लावून बसतात रे. घरी बसले तर माझी वाट कोण बघणार आहे?"

तो मफलरची घडी घालू लागला. खरं सांगते, मला लाज वाटली. एका छपराखाली एकोणीस वर्षं राहिलो, आणि ही बाई उशिरा आली तर मी झाकण घालून ताट ठेवते, वाट बघत नाही.

लाज वाटली की मला राग येतो. मी उठले, चार पायऱ्या उतरले, ताईच्या हातातली टॉर्च घेतली, कडी सरकवली आणि नवऱ्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर बटण दाबलं. एक अक्षर न बोलता. तो आठ पायऱ्या दोन उड्यांत उतरला आणि थेट शेजारणीच्या दारावर जाऊन धडकला. तिनं पुन्हा उघडलं.

"उद्यापासून मी जाते हिच्याबरोबर," मी वरून म्हटलं. "टोचायच्या आधी सांगायचं काम हिचं, न सांगता टोचायचं माझं. आता बोला."

तो खांदा चोळत वर आला आणि ताईला म्हणाला, "हिला घेऊन जा. चोराची काळजी मात्र घे."

याला आता चार महिने झाले. सव्वापाचला उठणं हा माझ्यावर झालेला अन्याय आहे आणि ते मी रोज पहिल्या तीन घरांपर्यंत ताईला ऐकवते. ती आत सुई लावते, मी दारात टॉर्च धरून उभी राहते. चोर अजून एकही आला नाही. एक पेपरवाला आला होता, त्यानं तांबडा दिवा बघून सगळा गठ्ठा जिन्यात सोडला. तेव्हापासून तो खालूनच हाक मारून वर येतो.

गेल्या आठवड्यात मला ताप आला. नवरा दुकानात उशिरा येतो असं कळवून ताईबरोबर गेला. अर्थात प्रत्येक घरी बाहेरच उभा राहिला, तोही पाठ करून. परत आल्यावर ताईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आज हात पुढे करेनात. म्हणाल्या, ती चिडकी बाई कुठे आहे, आधी ते सांगा. दार उघडं ठेवून बसल्या होत्या."

मी म्हटलं, म्हातारीला काही कामधंदा नाही. मग कूस बदलून पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं आणि आत चांगली रडले. दुसऱ्या दिवशी ताप होताच, तरी पाच वाजता ताईच्या आधी चपला घालून दारात मी उभी होते.