येसूबाईची सहा रिळं

रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावच्या येसूबाईला राग आला की ती आवाज चढवत नसे. उलट हळू बोलायची, एकेक शब्द सुटा करून, आणि समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर हलवायची नाही. आमच्या मांडवीतली जुनी माणसं सांगतात, हा राग तिचा मूळचा नव्हे. तो सिनेमावाल्यांनी दिला.

१९२८ च्या थंडीत मुंबईची एक फिल्म कंपनी रत्नागिरीला उतरली. नवरा समुद्रात बुडाल्यावर त्याची होडी स्वतः चालवणाऱ्या बाईची गोष्ट त्यांना काढायची होती. चित्राचं नाव ‘तांडेलीण’. मुंबईहून आणलेली नटी पहिल्याच दिवशी होडीत ओकली आणि दुसऱ्या दिवशी बोटीने परत गेली. डायरेक्टर पुळणीवर डोकं धरून बसला होता. तेवढ्यात माशांची पाटी पुढ्यात ठेवून, एकटीच वल्हं मारत खाडी ओलांडणारी येसूबाई त्याला दिसली. सव्वीस वर्षांची विधवा, भाऊ सखारामच्या घरी राहणारी. त्याने तिलाच विचारलं, आणि ती हो म्हणाली.

चाळीस दिवस तिने काम केलं. नवरा बुडाल्याचं कळतं त्या प्रसंगात डायरेक्टर म्हणाला, “आता रडा.”

“त्याच दिवशी रडतात असं तुमाला कुणी सांगितलं?” येसूबाई म्हणाली. “ती पयलं जाळं उलगडून बघंल. कुठं फाटलंय, किती वाचलंय. रडू मागनं येतं.”

डायरेक्टरने जाळं मागवलं. प्रसंग तिने सांगितला तसा घेतला.

गावकीला हे खपलं नाही. विधवेने कुंकू लावून परक्या पुरुषांपुढे उभं राहायचं म्हणजे काय? गावकीचा पुढारी भिकाजी याने सखारामचं घर वाळीत टाकलं. विहीर बंद झाली. होडीवर यायला माणूस मिळेना. सखारामच्या मुलीचं, चिमाचं, ठरलेलं लग्न मोडलं. येसूबाई सगळ्यांना एवढंच म्हणायची, “चित्र हितं येऊ दे. बघा, मग बोला.”

चित्र आलंच नाही. आधी कंपनीच्या भागीदारांत भांडणं झाली, आणि ती मिटेपर्यंत बोलपट आले. तयार झालेलं चित्र कपाटात गेलं. येसूबाईने तीन पत्रं लिहून घेतली, तीन वेळा पोस्टात टाकली. उत्तर नाही. शेवटी १९३२ साली पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या तशी ती स्वतःच मुंबईला गेली.

कंपनीच्या शेटजींनी तिला ओळखलंही नाही. नाव सांगितल्यावर म्हणाले, “बाई, मुक्या चित्रांचे दिवस गेले. आता ते कोण बघणार?”

“तुमी कुणाला दाखवलंत?”

“कुणालाच नाही.”

“मग कोण बघणार नाय, हे तुमाला कसं कळलं?”

शेटजी हसले. “फिल्मवर चांदी असते. ती आम्ही धुऊन काढतो. उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या होतात. तुमच्या चित्राच्या झाल्या की न्या डझनभर.”

येसूबाईने आपले मोकळे हात त्यांच्या टेबलावर ठेवले. “शेटजी,” ती हळू म्हणाली, “मी विधवा हाय. तुमच्या चित्रात मी खोट्या बांगड्या भरल्या म्हणून माझ्या भावाचं घर चार वर्षं विहिरीवाचून हाय. आणि तुमी मला बांगड्या देताय?”

शेटजींनी शिपायाला हाक मारली. शिपाई येण्याआधीच ती मागच्या अंगणात पोचली होती.

तिथे हौदात फिल्म धुणं चालू होतं. काम करणारा माणूस काशीराम. राजापूरकडचा. हेच चित्र त्याने पाच महिने बसून कापलं आणि जोडलं होतं. आठांपैकी तिसरं आणि सातवं रीळ हौदात गेलं होतं. सहा डबे बाजूला होते.

“ताई, हे चित्र मीच जोडलं, पण मी हुकमाचा ताबेदार,” काशीराम मान खाली घालून म्हणाला.

“जोडलंस तूच ना?”

“मीच.”

“मग लाज कशी नाय वाटत तुला?”

काशीरामने हात हौदातून बाहेर काढले, धोतराला पुसले आणि सहाही डबे तिच्या पाटीत भरले. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. पंधरा दिवसांनी तो रत्नागिरीला आला तो एक जुनं, हाताने फिरवून चित्र दाखवायचं मशीन घेऊन. बोलपटांमुळे असली मशीनं आता कुणाला नको होती.

पहिला खेळ मालगुंडला झाला. दोन रिळांची भोकं कशी भरायची? येसूबाई पडद्याशेजारी उभी राहिली आणि मधला भाग तोंडाने सांगू लागली. काही लपवलं नाही. “हितं वादळ येतं आणि माझा नवरा बुडतो. तुमाला दिसलं असतं. पण शेटजींनी त्या रिळाच्या बांगड्या केल्या.” लोक आधी हसले. मग पुढचं रीळ सुरू झालं, जाळं उलगडणारी बाई पडद्यावर आली, आणि हसणारे पुढे सरकून बसले.

मग हर्णे झालं, राजापूर झालं. राजापूरच्या बाजारात कंपनीचा माणूस वकिलाचा कागद घेऊन आला. चित्र कंपनीच्या मालकीचं, रिळं परत करा.

“तुझ्या शेटजींनी हे चित्र बघितलंय?” येसूबाईने विचारलं.

“ते मला ठाऊक नाही.”

“तू?”

“नाही.”

“टाकून दिलं तवा तुमचं नव्हतं. लोक बघायला लागले तवा तुमचं झालं?” ती लोकांकडे वळली. “ह्यो माणूस बांगड्या न्यायला आलाय.”

बाजारातली माणसं मशीनभोवती जमली. कुणी हात उचलला नाही, पण वाटही दिली नाही. तासभर उभा राहून तो परत गेला. वर्षाच्या आत कंपनीच बुडाली आणि पुन्हा कुणी आलं नाही.

भाट्याला तिने सर्वांत शेवटी खेळ लावला. अख्खी वाडी आली. भिकाजी पुढच्या रांगेत बसला होता. जाळ्याच्या प्रसंगाला त्याच्याजवळच्या बायका हुंदके देऊन रडल्या. खेळ संपल्यावर तो उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “येसू, गावकीनं तुला माफ केलं.”

“मी नाय केलं,” येसूबाई म्हणाली. “चिमाचं लग्न मोडलंत. भावाची होडी किनाऱ्यावर कुजली. बघायच्या आधीच कसं ठरवलंत रे? तू आणि तो शेट, दोघं एकच.”

सखारामने तिचा हात ओढला, पण ती हलली नाही. भिकाजीलाच खाली मान घालून जावं लागलं.

सखारामचं घर गावकीत परत गेलं, पुढे चिमाचं लग्नही झालं. येसूबाई मात्र मांडवीला खोली घेऊन राहिली. दर पावसाळ्यात काशीराम डबे भाताच्या तुसात पुरून ठेवी, तरी फिल्म चिकट होत गेली. १९३८ च्या पावसाने चौथं, जाळ्याच्या प्रसंगाचं रीळ नासलं. काशीराम त्याचे तुकडे हातात घेऊन रडला. येसूबाई रडली नाही. दसऱ्यानंतर उरलेली पाच रिळं घेऊन ती हर्ण्याला निघाली, आणि बोटीत बसल्याबसल्या चौथ्यातलं काय काय सांगायचं ते काशीरामला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.