पंचफुलाचं रेशीम

पंचफुलाचे केस हा समुद्रपुरातल्या बऱ्याच बायकांच्या मत्सराचा विषय होता आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. दाट, कुरळे, कमरेखाली जाणारे. कंगवा आत शिरला की एखादा दात तरी आत ठेवूनच बाहेर यायचा. कष्टकरी बाईनं गर्व कशाचा करावा याची एक यादी लोकांच्या मनात असते. त्यात पोरांची हुशारी बसते, हातची भाजी बसते, केस बसत नाहीत. पंचफुलाला ती यादी कुणी दाखवली नव्हती. तळेगावहून लग्न होऊन आली तेव्हापासून दर रविवारी न्हाऊन, केस मोकळे सोडून ती दारात बसायची. येणाऱ्याजाणाऱ्यानं वळून पाहिलं नाही, तर चूक त्याची.

हेच केस बेचाळिसाव्या वर्षी गळायला लागले.

गावाबाहेर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये तिचा बारावा हंगाम चालू होता. यंत्रात कापूस टाकायचं काम. नऊ जणी तिथं उभ्या असतात आणि दिवसभर हवेत रुईचे तंतू उडत असतात, म्हणून प्रत्येकीनं डोक्याला सुती रुमाल करकचून बांधायचा. सुती कापड तेल पिऊन टाकतं, घामानं चिकटतं आणि घासत राहतं. संध्याकाळी रुमाल सोडला की त्याच्यासोबत केसांचा पुंजका निघायचा. कानाशेजारची कातडी दिसू लागली, भांग बोटभर रुंद झाला. पंचफुला घाबरली. साप, सासू, सुपरवायझर यांना न भिणारी बाई आरशाला भ्यायला लागली.

तिची लेक भावना वर्ध्याला नर्सिंग शिकते, पिपरी मेघेत खोली करून राहते. दुसऱ्या कुणाला नाही, पण तिला पंचफुलानं फोनवर सांगितलं.

"आई, सुती नको बांधू," भावना म्हणाली. "रेशमाचं बांध. ते तेल नाई शोषत, केस त्याच्यावर घसरतात, तुटत नाई."

"सारा जिल्हा कापसावर जगून राह्यला, अन् माही पोरगी म्हणते कापूस सोड!" पंचफुला हसली. पण पुढच्याच बाजारात जाऊन तिनं गुलाबी स्कार्फ आणला. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, प्युअर सिल्क. चकाकणाऱ्या प्रत्येक चिंधीला आमचे दुकानदार प्युअर सिल्क म्हणतात, त्यांचाही नाइलाज असतो.

मोबाइलमध्ये पाहून तिनं तो फॅशननं बांधला. कपाळावर गाठ, दोन टोकं सशाच्या कानांसारखी वर. "मावशी, हिरोईन दिसून राह्यल्या तुमी," शेजारच्या यंत्रावरची काजल म्हणाली. पंचफुला त्या दिवशी नेहमीपेक्षा ताठ उभी होती. अकराच्या सुमारास ती कापसाचा ढीग उचलायला वाकली, स्कार्फ सुळकन डोक्यावरून घसरला आणि कापसाबरोबर यंत्रात गेला.

जिनिंगमध्ये याहून मोठा गुन्हा नाही. पांढऱ्या रुईत एक रंगीत धागा सापडला तरी व्यापारी दाबून बांधलेली अख्खी गाठ परत पाठवतो. यंत्र बंद केलं. नऊ जणी दुपारपर्यंत रुईच्या ढिगात बसून गुलाबी धागे वेचत होत्या. पंचफुला मान खाली घालून सगळ्यांत भराभर वेचत होती.

सुपरवायझर प्रभाकरराव वाईट माणूस नव्हते. तरुणपणी, दुसऱ्या एका कारखान्यात, एका बाईची ओढणी यंत्राच्या पट्ट्यात खेचली गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून लोंबणारं कापड दिसलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

"पंचफुलाबाई, उद्यापासून सुती रुमाल," ते म्हणाले. "नाईतर बाहेर अंगणात जा, टोपल्या उचलाले."

म्हणजे डोक्यावर ओझं. उरलेले केसही गेले. पंचफुला गप्प राहिली. ती भांडली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. ती गप्प राहिली की काहीतरी ठरलेलं असतं, हे प्रेमदासला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बावीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं.

रविवारी भावना घरी आली. तिनं यंत्रातून निघालेल्या गुलाबी चिंधीचा धागा काढून काडी लावली. धागा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला.

"आई, हे प्लास्टिक आहे. खरं रेशीम जळलं का केस जळल्यावानी वास येते."

घरात खरं रेशीम एकच होतं. त्यांच्यात नवरी पांढरी साडी नेसते. बहुतेकींची साधी असते, पण पंचफुलाच्या बापानं हौसेनं नागपूरहून रेशमाची आणली होती. लग्नात नेसली, मग दरवर्षी चौदा एप्रिलला. ती साडी ट्रंकेतून काढून पंचफुलानं काठाचा एक धागा ओढला, जाळला. घरभर केस जळल्याचा वास सुटला आणि ती आनंदानं अशी ओरडली की प्रेमदास दचकून बाहेर आला.

कमरेला खोचलं जातं ते टोक तिनं कापलं. नेसल्यावर कुणाला दिसणार नाही असं. पण नुसतं रेशीम घसरणार, हे ती शिकून चुकली होती. म्हणून तिनं टोपी शिवली. आतून रेशीम, बाहेरून जुन्या पांढऱ्या रुमालाचं सुती कापड, कडेला प्रेमदासच्या पायजम्यातलं इलास्टिक. गाठ नाही, टोक नाही. पहिली इतकी घट्ट झाली की भुवया वर चढल्या. ती उसवून पुन्हा शिवली. अंबाडा आत नीट बसला, आणि कपाळावर कडेनं सुबक चुण्या पडल्या. चुण्यांची गरज नव्हती. पण पंचफुला ती पंचफुला.

सोमवारी ती प्रभाकररावांपुढे उभी राहिली. "ओढून पाहा."

त्यांनी हात पाठीमागे नेले. मग काजलनं ओढली, जोर लावून. पंचफुलाची मान हलली, टोपी हलली नाही.

"चांगली आहे," प्रभाकरराव म्हणाले. पंचफुलाचा जीव हलका झाला, तोच ते पुढं म्हणाले, "पण तुमाले एकटीले परवानगी देली त उद्या बाकी आठही जणी मांगतीन. कोणी ढिली आणीन, कोणी रंगीत आणीन. मी कोणाकोणाचं डोकं तपासू? नाई जमत. नियम सगळ्याइले एकच."

तो आठवडा तिनं सुती रुमालात काढला. रोज संध्याकाळी पुंजका निघत होताच. पण आता ती रडकुंडीला येत नव्हती. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, नियम सगळ्याइले एकच.

पुढच्या रविवारी सकाळीच तिनं साडी जमिनीवर पसरली आणि कात्री घेतली.

"पूर्ण?" प्रेमदासनं विचारलं.

"पूर्ण."

"पदर तरी राहू दे. भावनाच्या लग्नात नेसशीन."

"भावनाच्या लग्नात टकली माय उभी राहीन, रेशमी साडी नेसून. चालते तुमाले?"

 प्रेमदास खाली बसला आणि कापड सरळ कापलं जावं म्हणून त्यानं साडीचं दुसरं टोक ताणून धरलं. पदराला कात्री लावताना मात्र पंचफुलाचे डोळे भरून आले. बापाची आठवण आली. नाक ओढून तिनं कात्री चालवली. बाकी आठ जणींकडून आणलेले पांढरे रुमाल घेऊन शेजारणीच्या शिलाई यंत्रावर सूर्य मावळेपर्यंत ती बसून होती.

सोमवारी फाटकाशी प्रभाकरराव थबकले. समोर नऊ बाया, नऊ पांढऱ्या टोप्या, एकसारख्या, चुण्यांसकट.

"हे काय?"

"तुमीच म्हणलं, सगळ्याइले एकच," पंचफुला म्हणाली. "हे एकच आहे. एकाच कापडाचं, एकाच हातचं. कोणाची ढिली नाई, कोणाची रंगीत नाई. नऊच्या नऊ ओढून पाहा. एक जरी निघाली, त मी आत्ता जाऊन टोपली उचलते."

त्यांनी ओढली नाही. टोपीची कड उलटून आतलं कापड मात्र पाहिलं, काजलच्या टोपीची. बोटांना लागताच ते काय आहे हे कापसात जन्म काढलेल्या माणसाला कळलं.

"एवढं रेशीम कुठून आणलं?"

"मावशीनं लग्नाची साडी कापली," काजल बोलून गेली.

प्रभाकररावांनी टोपीची कड हळूच सरळ केली.  मग ते जवळजवळ रागावून म्हणाले, "लग्नाची साडी काऊन कापली, बाई? एकदा मले इचारलं असतं."

"इचारलं होतं, साहेब," पंचफुला म्हणाली. "तुमी नाई म्हणलं होतं."

प्रभाकरराव फाटकातून बाजूला झाले. नऊ जणी आत गेल्या, आणि यंत्र सुरू झालं.