अकरा पाठमोरे शिकारी

माझ्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत, अंगठा धरून. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक बोलता बोलता माझ्या हाताकडे बघत राहतात आणि मग पुढचं काही त्यांच्या कानात शिरत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जन्मापासूनच नाही. तिथली कातडी गुळगुळीत आहे, एवढंच.

मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना, मी माझ्याच हाताचा एक्स-रे काढला. फिल्म उजेडावर धरली. काही तुटलेलं नव्हतं, काही कापलेलं नव्हतं. तिथे कधी काही झालंच नव्हतं. पोटातल्या बाळाची बोटं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घडतात. त्यानंतर आईने हातात कात्री घेतली काय आणि तलवार घेतली काय, काडीचा फरक पडत नाही. हे मी आईला शंभरदा सांगितलं असेल. ती दर वेळी मान हलवायची आणि विषय बदलायची.

कात्रीचं कारण असं. मी पोटात असताना, सातव्या महिन्यात, सूर्यग्रहण लागलं होतं. आमच्याकडे गर्भार बाईने ग्रहण सुटेपर्यंत काही कापायचं नाही, चिरायचं नाही, सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही. जे कापलं जाईल ते बाळाच्या अंगावर उमटतं म्हणतात. माझा हात बघितल्यावर आजीने बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून विचारलं, "ग्रहणात काय कापलंस?" आई म्हणाली, "काही नाही." आजी मरेपर्यंत विचारत राहिली. भाजी निवडताना विचारायची, माझी वेणी घालताना विचारायची. आईचं उत्तर कधी बदललं नाही. आजीने हा विषय काढला की बाबा मात्र उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी कायम आईच्या बाजूने भांडले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी आजीच्या तोंडावर म्हटलं होतं, तेव्हा मी दहा वर्षांची असेन.

आता आजी नाही. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. डिलाईल रोडवरची आमची चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. बिल्डरने भाड्याची घरं दिली, माणसं एकेक करून गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर शेवटी एक आईची खोली उरली. बाकीच्या खोल्यांची दारंही लोकांनी काढून नेली होती. गॅलरीतून चालताना एका हाताला नुसती दारांची भोकं. शनिवारपर्यंत खोली रिकामी करायची होती आणि आई निघायला तयार नव्हती.

समोरच्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर दिवाळीनंतर भराभर वर चढला. दुपारी अडीचच्या सुमाराला त्याची सावली आमच्या खिडकीवर यायला लागली. खोलीत एकदम अंधारायचं, भर उन्हात. आईचं विसरणं त्याआधीच सुरू झालेलं होतं. पण सावली पहिल्यांदा आली त्या दुपारी तिने खिडकी लावली, पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली आणि मला विचारलं, "गिराण सुटला काय गो?"

मी हसले. कुठलं ग्रहण नि कुठलं काय, म्हटलं, टॉवर आहे तो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी विळी सापडेना. ती खाटेखाली लुगड्यात गुंडाळलेली मिळाली, आणि कात्री तांदळाच्या डब्यात, तळाशी. सामान बांधायला सुतळी कापायची म्हटलं तरी ती माझा हात धरायची. निघायचं नाव काढलं की एकच बोलायची, "गिराण सुटल्याशिवाय मी भायर पडाचंय नाय."

खोल्यांची यादी घेऊन फिरणारा बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, चार माणसं देतो, खुर्चीसकट उचलून नेऊ. वयाची माणसं अशीच करतात." मनात आलं, तिला असं ओढून काढलं तर भीतीनेच तिचा जीव जाईल. नाही गेला तरी उरलेला जन्म ती त्या अंधारातच बसून राहील. मी त्याला शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं. तोपर्यंत काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी मी बाबांची ट्रंक काढली. बाबा फोर्टातल्या एका बंदुकांच्या दुकानात कारकून होते. परवाने, नोंदी, पत्रव्यवहार. घरात कोणी झुरळ मारलं तरी तोंड फिरवणारा माणूस, पण उभी हयात काडतुसांच्या पेट्यांशेजारी बसला. त्यांना एकच नाद होता, पोस्टाच्या तिकिटांचा. ट्रंकेत त्यांचा अल्बम होता. पानामागून पान अगदी नेटकं, प्रत्येक तिकीट पाण्यात भिजवून, सोडवून, सुकवून लावलेलं. मग एका पानावर अमेरिकेची अकरा तिकिटं, भिजवलेली नाहीत, पाकिटाच्या कागदाच्या चौकोनासकट तशीच चिकटवलेली. त्यापुढची सगळी पानं कोरी. निम्म्याहून जास्त अल्बम कोरा.

ट्रंकेच्या तळाच्या वर्तमानपत्राखाली ती पाकिटं होती. अकरा. पुढच्या बाजूला कोपऱ्यात अमेरिकेतल्या काडतुसांच्या कारखान्याचं नाव, मधे बाबांच्या दुकानाचा पत्ता, माझ्या आजोबांच्याही आधीच्या काळातल्या वळणदार अक्षरात. वरचा उजवा कोपरा, जिथे तिकीट असतं तिथे, चौकोनी कापलेला. मी एक पाकीट उलटं केलं.

मागच्या बाजूला पाकीटभर रंगीत चित्र होतं. दलदल, पिवळं पडलेलं लव्हाळं, वर बदकांची रांग, पायाशी दबा धरून बसलेला कुत्रा. मधोमध शिकारी, आपल्याकडे पाठ करून उभा. उजव्या हातात बंदूक. डावा हात वर केलेला, कुत्र्याला थांब म्हणून सांगणारा. तो हात चित्राच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचत होता, आणि तिकीट कापताना कात्री मागच्या कागदातूनही गेली होती. हाताची दोन बोटं त्या चौकोनात गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मी अकराच्या अकरा पाकिटं जमिनीवर मांडली. सगळ्यांवर तेच चित्र, सगळ्यांवर तोच काप. अकरा माणसं माझ्याकडे पाठ करून उभी आणि अकरा हात वर केलेले, तीन-तीन बोटांचे. मी माझा हात एका पाकिटाशेजारी ठेवला आणि लगेच उचलला. रोज हाडं बघणारी बाई मी, तरी सांगते. यांतला एखादा आता वळून बघेल की काय असं वाटलं, आणि वळला तर त्याचं तोंड मला बघायचं नव्हतं. मी सगळी पाकिटं पालथी घातली. खिडकीवर सावली आली होती.

"गिराण सुटला काय गो?" आईने कोपऱ्यातून विचारलं.

शुक्रवारी सकाळी एक पाकीट घेऊन मी गिरगावात गेले. तिथे जुनी तिकिटं विकणारे एक गृहस्थ बसतात, बाबा त्यांच्याकडे जायचे. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तिकीट फडतूस आहे हो. खरी वस्तू हे पाकीट. बंदुका-काडतुसांच्या अमेरिकन कंपन्या तेव्हा जाहिरातीसाठी अशी चित्रं छापायच्या. वेडे लोक आहेत यांच्यामागे. कोणी कापलं हे?"

"वडिलांनी."

"ते तिकिटं जमवायचे ना? मग त्यांनी नाही. जमवणारा माणूस आत बोट घालून फक्त पुढचा कागद कापतो. हे कोणीतरी दोन्ही कागद एकदम कापलेत, भाजीच्या जुडीसारखे." त्यांनी पाकीट परत दिलं. "मागचे तुकडे सापडले तर बघा. असतील घरातच. जुनी माणसं काही टाकत नाहीत."

बसमध्ये मी तो हिशेब जुळवत बसले, जो मला जुळायला नको होता. बाबांनी कापलं नव्हतं. आजी कात्रीला हात लावायची नाही, तिला दिसायचं कमी. खोलीत तिसरं माणूस एकच होतं.

मी जिना चढून गेले तेव्हा आई कोपऱ्यात नव्हती. पालथी घातलेली पाकिटं तिने पुन्हा उलटी करून जमिनीवर एका ओळीत लावली होती आणि त्यांच्यासमोर बसली होती. मांडीवर देव्हाऱ्यातली पितळी डबी. त्या डबीत गावच्या देवीचा अंगारा आहे, हात लावायचा नाही, असं लहानपणापासून ऐकत आले होते. तिने झाकण काढलं आणि डबी माझ्यापुढे धरली.

आत कागदाचे चौकोन होते. मी एक उचलला. त्यावर दोन बोटं छापलेली होती, आणि मागे थोडं आकाश. दुसरा उचलला, तेच. अकरा चौकोन, बोटांच्या अकरा जोड्या. हळदीकुंकवाने कडा पिवळ्या-तांबड्या झालेल्या. दर सणाला आई त्यांची पूजा करत होती आणि आम्ही सगळे अंगारा समजून नमस्कार करत होतो. मीसुद्धा, दहावीच्या निकालाच्या दिवशी.

"तेंका तिकिटां होयी होती," आई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की क्षणभर वाटलं, हिला सगळं आठवतंय. "कापून ठेव म्हणान सांगून गेले. मी निजान होतंय, म्हातारी बाजूच्या खोलयेत जपाक बसलेली. खाली लोक आरडाक लागले, दे दान, सुटे गिराण. माका वाटला, सुटला."

मग मला सगळं समजलं. ग्रहण लागलं की मुंबईत दान मागणारे रस्त्यातून ओरडत जातात, दे दान सुटे गिराण. ग्रहण सुटावं म्हणून ओरडतात, सुटल्यावर नाही. आई लग्न होऊन गावाहून आली त्याला वर्षही झालं नव्हतं. तिच्या वाडीत असं कोणी ओरडत नसे. तिला वाटलं, मुंबईत ग्रहण सुटल्याची दवंडी देतात. ती उठली आणि कात्री घेतली.

"अकरावा कापला नि म्हातारी इली. कात्री तिका दिसाक नाय. म्हणाली, निजान रव, अजून अर्धा जावचा हा."

बाबांना माहीत होतं. संध्याकाळी पाकिटं त्यांच्याच हातात पडली असणार. दोन महिन्यांनी माझा हात बघून त्यांनी ती ट्रंकेच्या तळाला घातली, आणि पुन्हा एकही तिकीट घरी आणलं नाही. आजीला सांगितलं नाही, एवढं केलं. पण आईला तू काही केलं नाहीस असंही कधी सांगितलं नाही. मला बाबांचा राग आला, गेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठे काढता न येणारा. आणि माझाही आला. जन्मभर मी तिला शास्त्र सांगितलं, पण तू काय कापलंस असं प्रेमाने एकदाही विचारलं नाही. तिने काही कापलंच नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

"लावून दी," आई म्हणाली. "खळ कर."

पिठाचा डबा बांधून झाला होता. तो सोडला. स्टोव्हवर गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. आईने एकेक चौकोन उचलून द्यायचा, मी मागे कागदाची पट्टी देऊन खळीने कोपऱ्यात बसवायचा. कुठला तुकडा कुठल्या पाकिटाचा हे तिला बरोबर कळत होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे चुकत नव्हतं. सावली आली. आम्ही दिवा लावला नाही.

अकरावा तुकडा बसला. अकरा हात, पाच-पाच बोटांचे. एक विचित्र गोष्ट झाली. तीन बोटं होती तोवर तो हात कुत्र्याला थांब म्हणत होता. पाच झाल्यावर वाटलं, तो लव्हाळ्यापलीकडे कोणाला तरी ये म्हणतोय, आणि जे कोणी येणार आहे ते त्याला दिसतंय, आपल्याला नाही. मी नजर काढून घेतली.

आईने माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला. अंगठ्यापासून मोजायला लागली. तीनवर थांबली. पुन्हा मोजलं.

"दोन रवली," ती म्हणाली.

माझं नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. दुसरा महिना, तिसरा महिना. ते तिथेच राहिलं. तिने बोटाने खळ घेतली आणि माझ्या तळव्याच्या कडेला लावली, जिथे कातडी गुळगुळीत आहे. खळ अजून गरम होती. मग तिने स्वतःची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथे टेकवलं आणि दाबून धरलं. लहानपणी तिने हा हात धरला की मी तो सोडवून घ्यायचे. आज घेतला नाही.

"गिराण सुटला काय गो?"

खिडकीवर सावली तशीच होती. ती दिवेलागणीपर्यंत जाणार नव्हती.

"सुटलं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

खळ वाळेपर्यंत तिने बोटं उचलली नाहीत. मग म्हणाली, माझी चपलां खय? डबी तिने कमरेला खोचली, पाकिटं मी पिशवीत घातली. दारांची भोकं उरलेल्या गॅलरीतून आम्ही दोघी जिन्यापर्यंत गेलो. तिने माझा डावा हात तसाच धरलेला होता, तिची दोन बोटं माझ्या तीन बोटांशेजारी. तीनही मजले उतरून रस्त्याला लागेपर्यंत मी खाली हाताकडे बघितलं नाही.