काकांनी उभा धरलेला कीबोर्ड

माझी आई जुने कीबोर्ड दुरुस्त करते. हल्लीचे फुसके नव्हेत. लोखंडी पाठीचे, बटण दाबलं की खटकन वाजणारे. बाबा होते तोवर ती त्यांच्या दुकानात आतल्या खोलीत बसून हे काम करायची. बाबा गेले आणि काकांनी गोड बोलून तिला घरी बसवलं. वर गिऱ्हाइकांना सांगत सुटले, ही सगळी दुरुस्ती पहिल्यापासून मीच करतो. आईनं मनात डूख धरला. आमच्या घरात राग मुरतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या दुपारी काका तोंड पाडून दारात उभे. एका शौकिनाचा दुर्मिळ कीबोर्ड त्यांनी आडवा ठेवून उघडला होता. यात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असते आणि तिच्या टोकाला नखाएवढी पट्टी. आडवा उघडला की पट्ट्या निसटून पडतात. त्यांनी आणलेल्या पिशवीत सगळा चिवडा झाला होता.

"वहिनी, माझी अब्रू आता तुमच्या हातात. तो माणूस संध्याकाळी न्यायला येतोय."

"त्याला इथंच बोलवा," आई म्हणाली. "आणि तुम्ही हा उभा धरा. मागचा पत्रा बसेपर्यंत हलायचं नाही हं."

खरं तर धरायला आमच्याकडे शिकंजा आहे. आईनं तो पायानंच टेबलाखाली सारला. मला हसू आवरेना.

मग चिमट्यानं तिनं एकेक पट्टी लावायला घेतली. मध्येच थांबून एकटीनं चहा प्याली. काकांचे हात भरून आले, पण सोडतात कुठे!

गिऱ्हाईक आलं. आईनं पत्रा हातात घेतला आणि तशीच थांबली.

"भावजी, यांना सांगा. दुकानातली दुरुस्ती कोण करायचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"वहिनी," ते पुटपुटले.

"यांना ऐकू नाही आलं."

"सगळी कामं वहिनीच करायच्या!"

आईनं पत्रा सरकवला. संगणकाला जोडून प्रत्येक बटण दाबून दाखवलं. गिऱ्हाइकानं तिचा नंबर घेतला, यापुढे तुमच्याकडेच येईन म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, फिटलं एकदाचं. काका बोटं चोळत बसले होते.

"वहिनी, जरा पाणी मिळेल?"

मी उठले. आईनं हात धरून मला खाली बसवलं.

"घरी जाऊन प्या, भावजी."