बहीण नसलेल्या केरूभाऊंचा भाचा

केरूभाऊंचा डावा हात कोपरात वाकडा आहे. तो मी मोडला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचता वाचता तुम्ही मला भला माणूस समजाल आणि शेवटी माझ्यावरच चिडाल.

मी खंडेराव. आडगावला आमचा दोन एकरांचा मळा आहे. निम्म्यात झेंडू, निम्म्यात मेथी-कोथिंबीर. केरूभाऊंचा मळा आमच्या बांधाला लागून. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, उंचीला माझ्या खांद्याइतके, आणि आवाज इतका बारीक की ते बोलायला लागले की विहिरीवरची मोटर बंद करावी लागते. साधुसंत वगैरे अजिबात नाहीत. फुलांच्या कॅरेटमध्ये वर टपोरा झेंडू आणि खाली बारका, ही त्यांची जुनी खोड. गिऱ्हाइकानं पकडलं तर म्हणतात, "वजनानं दबली ती." मी त्यांना तोंडावर लबाड म्हणतो, ते मला माथेफिरू म्हणतात. दोघंही खरंच बोलतो.

माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही. एकदा मार्केटात एकानं माझ्या फुलांच्या ढिगावर स्वतःची पिशवी टेकवली, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली. पुढच्या मिनिटाला मलाच लाज वाटली, पण तोवर वाजवून झाली होती. माझी बायको मंजुषा म्हणते, ह्या माणसाचे हात आधी पोचतात, डोकं मागून रिक्षानं येतं.

केरूभाऊ पूर्वी फुलं करत नव्हते. छोटा टेम्पो होता, त्यात कांदे, बटाटे, लसूण भरून आठवडी बाजार करायचे. हरसूलचा बाजार त्यांचा ठरलेला. बाजार उठला की उरलेला माल घेऊन डोंगरातल्या पाड्यांवर फिरायचे. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फिरत होतं, मुलं पळवणारी टोळी आली आहे आणि टेम्पोतून फिरते आहे. केरूभाऊंकडे बटणांचा फोन, त्यांना कशाचा पत्ता नाही. एका वळणावर त्यांना चार-पाच वर्षांची पोरगी एकटीच भोकाड पसरून चाललेली दिसली. पायात चप्पल नाही, डांबर तापलेलं. ह्यांनी तिला उचलली, शेजारच्या सीटवर बसवली, हातात राजगिऱ्याचा लाडू दिला आणि पुढच्या पाड्यावर चौकशी करायला निघाले. आता ह्यात त्यांचं काय चुकलं सांगा. पण पोरं पळवणारा तरी ह्याहून वेगळं काय करतो?

पाड्याच्या तोंडाशीच माणसं उभी होती. पोरगी बापाला बघून अजून जोरात रडली, आणि तेवढं पुरलं. केरूभाऊंना केबिनमधून ओढून काढताना शर्ट दाराच्या कडीला अडकला, तो गळ्यापासून फाटत आला. पहिला मार हातांचा होता. मग कुणीतरी त्यांच्याच टेम्पोतली वजनं काढली. किलोचं माप तोंडावर बसलं, खालचे तीन दात जागच्या जागी गेले. खाली पडल्यावर लाथा. केरूभाऊ सांगतात, "सुरुवातीला मी ओरडत होतो, मी केरू, आडगावचा केरू. मग कळलं, ह्यांना माझं नाव नकोच हाय." एका डोळ्यात रक्त गेलं होतं, दुसऱ्यानं त्यांना फक्त पाय दिसत होते. कुणीतरी म्हणालं, टाकीतलं डिझेल काढा. ते त्यांनी नीट ऐकलं.

तेवढ्यात अंगावर काहीतरी येऊन पडलं. त्यांना वाटलं, पोतं टाकलं, आता पेटवणार. पण ती बाई होती. चिमणाबाई नाव, साठीच्या पुढची, वाळून काटकी झालेली. रानातून लाकडाची मोळी घेऊन येत होती. मोळी तिथंच टाकली आणि ह्यांच्या अंगावर आडवी झाली. म्हणाली, "माझा भाचा हाय ह्यो. आता मारा."

आमच्याकडे भाच्यावर हात उगारत नाहीत. भाचा पाळण्यातला असला तरी मामा-मावशी त्याच्या पाया पडतात. भाच्याला मारणाऱ्याचे हात म्हातारपणी लटपटतात, असं आमच्या घरात सांगायचे. तिकडं डोंगरातही तसंच मानत असणार. पण चिमणाबाईला भाऊ नाही, बहीण नाही, आणि सगळ्या पाड्याला ते ठाऊक. मग भाचा आला कुठून? म्हातारी धडधडीत खोटं बोलत होती, पण तिला तोंडावर तसं म्हणायला कुणी धजलं नाही. एक दगड मात्र आधीच कुणाच्या हातातून सुटला होता. तो तिच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलेलं केरूभाऊंना त्यांच्या कानाशी ऐकू आलं. म्हातारी हलली नाही, तेव्हा एकेकजण मागं सरला.

तिनं त्यांना तीन दिवस घरात ठेवलं. जबडा उघडत नव्हता म्हणून नागलीची पेज चमच्यानं पाजली, एका हातानं, कारण दुसरा तिनं गळ्यात फडक्यानं बांधला होता. त्या दिवाळीला केरूभाऊ साडी घेऊन गेले आणि तिच्या पाया पडायला वाकले, तर ती मागं सरकली. "भाच्यानं पाया पडायचं नसतं, एवढं कळत नाय व्हय?" असं म्हणून तिनंच ह्यांच्या पायांना हात लावला. केरूभाऊ तिथं लहान पोरासारखे रडले. मला का वाचवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू कोण ते मला काय ठावं? मार बघवंना, एवढंच."

ही कथा मी इतक्यांदा ऐकली होती, की ते "चिमणामावशी" म्हणाले की मी ढिगावरची फुलं निवडायला घ्यायचो. एकदा तर मी म्हणालो, "भाऊ, म्हातारी येडी होती, म्हणून तुम्ही वाचलात." ते म्हणाले, "हो ना."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही शहरात, द्वारका चौकात रस्त्याकडेला फुलं लावली होती. आम्ही आणि केरूभाऊ, शेजारी शेजारी. चार बांबू, वर ताडपत्री, खाली झेंडूचा ढीग. माझी भाग्यश्री नऊ वर्षांची. हट्ट करून आली होती आणि गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा चांगलं बोलत होती. दुपारी वारा सुटला, ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडायला लागलं आणि ती ते धरायला रस्त्याकडे पळाली. मी पाठमोरा होतो. ब्रेक ऐकला, धप्प ऐकलं, बायकांचा ओरडा ऐकला. वळून बघतो तर रस्त्याकडेला एक टेम्पो थांबलेला, आणि त्याचा ड्रायव्हर, पंचविशीतला एक परका पोरगा, माझ्या लेकीला दोन्ही हातांवर घेऊन उभा, आणि तिचं तोंड रक्तानं भरलेलं.

तो तिला माझ्याकडेच आणत होता. हे मला आज कळतं.

तळपायाची आग मस्तकात गेली, असं नुसतं म्हणतात लोक. मला त्या दिवशी खरंच कानात काही ऐकू येईना. मी पोरगी हिसकावली, शेजारच्या बाईच्या मांडीवर दिली आणि ओरडलो, "पोरगी मारली ह्यानं." बस. द्वारकेला माणसांची काय कमी? रिक्षातून उतरले, बसच्या रांगेतून आले, हातातली पिशवी खाली ठेवून आले. मी त्याच्या नाकावर पहिली बुक्की मारली आणि नाक मोडलेलं माझ्या बोटांना लागलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तो म्हणत होता, "दादा, आधी तिला दवाखान्यात…" पुढचं त्याला बोलू दिलं नाही. कुणीतरी त्याचे केस धरून डोकं त्याच्याच गाडीच्या फाळक्यावर आपटलं. तो माझ्या फुलांत पडला. लोक झेंडू तुडवत त्याच्या पोटात, बरगड्यांत लाथा घालत होते. पिवळी फुलं लाल झाली तरी कुणाचा पाय थांबेना. माझाही थांबला नाही. मी ताडपत्रीचा बांबू उपसला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला. त्याच्या डोक्यावर घालायचा होता. चुकून नाही, धाक दाखवायला नाही. मला तो मेलेला बघायचा होता.

बांबू खाली आला तेव्हा मध्ये केरूभाऊ होते. साठीचा माणूस, गर्दीच्या पायांतून रांगत आत आला आणि पालथा त्याच्या अंगावर पसरला. डावा हात त्याच्या डोक्यावर धरला होता. त्या हातावर बांबू बसला. ऊस मोडावा तसा आवाज झाला. केरूभाऊ ओरडले नाहीत. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "खंडू, भाचा हाय रे माझा."

केरूभाऊंना बहीण नाही. आख्ख्या आडगावला माहीत आहे.

माझ्या हातातून बांबू गळाला. बाकीच्यांना मात्र त्याची काही पडली नव्हती, एकानं केरूभाऊंच्याही पाठीत लाथ घातली. मग मी त्यांच्यावर धावलो. ज्यांना मीच बोंब मारून बोलावलं, त्यांच्याच छातीत बुक्क्या घालत "बास, बास" करत होतो. एकजण म्हणाला, "अहो, पोरगी तुमची ना?" मी त्यालाही ढकललं. फुलवाल्या बायका मध्ये पडल्या तेव्हा कुठं गर्दी मागं सरली. आम्ही भाग्यश्रीला, त्या पोराला आणि केरूभाऊंना माझ्याच पिकअपमध्ये घातलं. रस्ताभर तो पोरगा तोंडातून बुडबुडे काढत होता आणि केरूभाऊ त्याला म्हणत होते, "झोपू नको. मामा हाय इथं."

भाग्यश्रीला भुवईवर तीन टाके पडले. तीन. संध्याकाळी ती वेफर्स खात होती.

त्या पोराच्या चार बरगड्या, नाक, जबडा आणि एक पाय. नाव जीवन, गाव पेठच्या पुढं. दुसऱ्याची गाडी चालवायचा. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर एक फटका अजून बसला असता तर आणायची गरज नव्हती. हवालदार आला. केरूभाऊंना विचारलं, हात कुणी मोडला? मी तिथंच, कॉटच्या पायथ्याशी उभा. केरूभाऊ म्हणाले, "गर्दी होती साहेब. तोंड दिसलं नाय." हवालदार गेल्यावर म्हणालो, "भाऊ, माझं नाव का नाही घेतलं?" ते म्हणाले, "गप बस. हात ठणकतोय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जीवनची आई आली. अंबूबाई. विधवा बाई, हा एकच मुलगा. केरूभाऊंनी आदल्या दिवशीच तिला फोनवर सांगितलं होतं, घाबरू नको, पोराचे दोन मामा आहेत त्याच्याजवळ. ती वॉर्डात शिरली, पोराचं सुजलेलं तोंड बघून दोन मिनिटं कॉटचा लोखंडी दांडा धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. "तुम्हीच ना गाडीत घालून आणलं त्याला?" असं म्हणत माझ्या पायांवर वाकली. "मला भाऊ नाय दादा. देवानं दोन धाडले."

पलीकडच्या कॉटवर केरूभाऊ छताकडे बघत पडले होते. त्यांनी मला काही खुणावलं नाही. मला गप्प राहता आलं असतं. तिनं माझ्या पायांना हात लावला आणि मी मागं सरकलो.

"बाई, पाया पडू नका," मी म्हणालो. "ह्याला मारणाऱ्यातला पहिला मी."

ती सरळ झाली. "कशानं मारलं?"

"हातानं. लाथांनी. मग बांबू घेतला."

"त्यानं काय केलं होतं?"

"माझ्या लेकीला उचलून आणत होता."

तिनं पायातली चप्पल काढली. पहिली माझ्या गालावर बसली, दुसरी कानावर, मग मोजता आलं नाही. मी हात वर केला नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझे हात खाली राहिले. नर्स धावत आली तर केरूभाऊ म्हणाले, "सिस्टर, राहू द्या त्यांचं." अंबूबाई मारता मारता रडत होती, आणि रडता रडता दमली. चप्पल खाली टाकून पायात सरकवली आणि पदरानं तोंड पुसून बसली.

तेवढ्यात जीवन कण्हला. "आये, लघवीला जायचंय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला एकटीला उचलत नाय," ती म्हणाली. "धर त्याला. उजव्या अंगाला हात लावू नको, तिकडच्या बरगड्या मोडल्यात."

मी वाकलो. जीवननं माझं तोंड ओळखलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. मी तसाच वाकलेला राहिलो. अंबूबाईनं त्याचा एक हात डोक्यावरून सोडवला आणि माझ्या मानेभोवती टाकला. "नेतोय तो तुला," ती म्हणाली. "मारत नाय आता."

मी त्याला उचललं आणि नेलं. तो बारा दिवस दवाखान्यात होता, रोज चार-पाच वेळा नेलं. रोज मी वाकलो की आधी त्याचे हात डोक्यावर जायचे. मी थांबायचो, ते खाली आले की उचलायचो. बाराव्या दिवशी पेठच्या गाडीत बसवलं तेव्हाही ते आधी वर गेले.